हरीण छापातली शेळी

अप्पांनी चादरींचा गठ्ठा माझ्या ड्रॉइंग बोर्डवर टाकला, तेव्हा बोर्डवर अगरबत्तीच्या लेबलची लक्ष्मी अजून ओली होती. तिचा पदर गठ्ठ्याला चिकटला. मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पाच म्हणाले, "ओरडू नका पेंटर. आज ओरडायची पाळी माझी हाय."

मंद्रूपच्या बाजारात पाठवलेला माल परत आला होता. चादरीत खोट नव्हती. वीण तीच, रंग तेच, किंमतही तीच. गिऱ्हाइकांनी नाकारलं होतं ते चादरीवरचं लेबल. आणि ते लेबल म्हणजे मी तोवर केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं.

अप्पा म्हणजे गुरुपादप्पा, चादरीच्या कारखान्याचे मालक. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे पॉवरलूम होते. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि हिशेबात दोन्ही, असा माणूस. मी पेंटर. पाटीवर 'कमर्शियल आर्टिस्ट' असं लिहिलं होतं, पण ते वाचूनसुद्धा लोक पेंटरच म्हणायचे. स्टुडिओ म्हणजे साखर पेठेतल्या आमच्या भाड्याच्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक स्टूल, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि सुकायला दोरीवर टांगलेली चित्रं. शेजारपाजारी दिवसभर मागांची खडखड चाले. ती थांबली, म्हणजे लाईट गेली, की माझा ब्रशही आपोआप थांबायचा. आता घरात इतकी शांतता असते की हात चालत नाही.

त्या काळी सोलापुरात बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक मालाला लेबल लागे. चादर, टॉवेल, विडी, अगरबत्ती, सगळ्यांना. खेड्यातलं गिऱ्हाईक नाव वाचत नसे, चित्र ओळखे. चित्राला 'मार्का' म्हणत. मोराची द्या, कमळाची द्या, अशी मागणी व्हायची. चित्र मी मोठं काढायचो. मग त्याचे जस्ताचे ब्लॉक बनत, प्रत्येक रंगाला एक. ब्लॉक म्हणजे चित्राचा शिक्का समजा. तो शाई लावून छापखान्यात कागदावर उमटवायचा. ब्लॉक आहे तोवर लेबल हवं तितकं छापता येतं. चित्रकाराला पुन्हा विचारायची गरज नसते, आणि कुणी विचारतही नसे.

अप्पांचा मार्का होता हरीण. पहिलं हरीण मीच काढलेलं. तेव्हा त्यांचे माग थोडे होते आणि माझी कामंही. थंडीचा सीझन तोंडावर आला होता, त्यांना चित्र लगेच हवं होतं. मी हरीण पाहिलेलं नव्हतं. माझी चित्रकला दुकानांच्या पाट्यांवर आणि सिनेमाच्या बोर्डांवर झाली. तिथे नट्या असतात, हरणं नसतात. समोरच्या घरातल्या खैरूनबींची शेळी आमच्या दारातच बांधलेली असायची. मी तिला समोर ठेवून चित्र काढलं, डोक्यावर फांद्यांसारखी शिंगं लावली, अंगावर पांढरे ठिपके टाकले. अप्पांनी बघितलं आणि म्हणाले, झकास. माल निघाला. चादरी खपल्या. पुढची काही वर्षं कुणाचीच तक्रार नव्हती.

तक्रार आली ती मुंबईहून. अप्पा तिथे मालाची बोलणी करायला गेले असताना एका बड्या व्यापाऱ्याने लेबल हातात घेऊन चार लोकांत विचारलं, "शेठ, तुमच्याकडे बकऱ्यांना शिंगं फुटतात का अशी?" सगळे हसले. अप्पा सोलापूरला आले ते स्टेशनवरून थेट माझ्या खोलीत. म्हणाले, तुमच्या हरणाने माझी अब्रू घेतली.

मला राग आला. घाई त्यांची, आणि वर मलाच बोलणं. पण खरं सांगायचं तर त्या शेळीने माझीही पाठ सोडली नव्हती. गावातले आर्ट स्कूल झालेले चित्रकार मला बघितलं की 'काय हरीणवाले' म्हणत. ते डिप्लोमावाले, मी पाट्या रंगवून वर आलेला. ते चित्र पुसून टाकायची संधी स्वतःच्या पायाने चालत आली होती. मग मी सौदा केला, आणि सौद्यात मला सहसा कुणी हरवत नसे.

म्हणालो, "नवीन हरीण काढतो. जातिवंत. पण खाली माझं नाव पाहिजे."

अप्पा म्हणाले, "लेबलावर पेंटरचं नाव? कुटं असतं का असं?"

"सिनेमाच्या बोर्डवर असतं. नसेल जमत तर डिप्लोमावाल्यांकडे जा. ते हरीण काढतील, तुम्ही दिवाळीपर्यंत वाट बघा."

बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी अप्पा कबूल झाले. चित्रावर सही नको, चित्र खराब दिसतं, खाली छापखान्यात टाइप जुळवून स्वच्छ अक्षरांत नाव टाकू, असं ते म्हणाले. मला ते उलट जास्त आवडलं. मी पक्कं करून घेतलं. "आणि हरीण छाप जोवर चालेल तोवर नाव राहील. उद्या काढायचं नाही." अप्पांचा फिरता सेल्समन नरसय्या तिथेच बसला होता. त्याच्यासमोर अप्पांनी शब्द दिला. अप्पांचा शब्द म्हणजे शब्द. हे मी आजही मान्य करतो, आणि तेच माझं दुखणं आहे.

मी पुण्याला गेलो. प्राणिसंग्रहालयात जाळीसमोर बसून हरणांची स्केचेस केली. मान कशी वळते, कान कसे उभे राहतात, पाय किती बारीक असतात. पायांनी तर मला वेड लावलं. परत येऊन जे चित्र काढलं ते बघायला आमच्या गल्लीतले विणकर माग बंद करून आले होते. डिप्लोमावाल्यांपैकी एक जण आला, बराच वेळ उभा राहिला आणि काही न बोलता गेला. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

लेबल छापलं. खाली बारीक, सुबक अक्षरांत 'चित्र : दत्तू पेंटर, सोलापूर'. अप्पा इतके खूश की त्यांनी जुने ब्लॉक भंगारात घालून वितळवायला लावले. मीच म्हणालो होतो, जाऊ द्या ती ब्याद.

आणि आता गठ्ठा परत आला होता.

मी अप्पांना म्हणालो, तुमच्या सेल्समनला विकता येत नाही, त्याला मी काय करू. नरसय्या शांत माणूस. तो म्हणाला, "पेंटरसाब, पुढच्या बाजाराला तुम्हीच चला की."

मी गेलो. मंद्रूपच्या बाजारात नरसय्याने सतरंजी टाकून चादरी मांडल्या. मी मुद्दाम लेबल वर दिसेल अशा घड्या लावल्या. गिऱ्हाईक येई, चादर चाचपून बघे, लेबल बघे आणि ठेवून देई. एक म्हातारा मेंढपाळ नवरी मुलीला द्यायला चादर घ्यायला आला होता. सगळा गठ्ठा उलटापालटा करून तो म्हणाला, "ही आमची न्हवं."

नरसय्याने सांगितलं, माल तोच आहे, चित्र तेवढं नवं आहे.

"मग शेळी कुटं गेली?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "मामा, ती शेळी नव्हती. हरीणच होतं."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी हरीण बगितलंय व्हय?"

"बघितलंय. पुण्याला जाऊन."

"त्येच्यासाटनं पुन्याला कशापायी गेलासा? आमच्या रानात यायचं की. रातच्याला लई येत्यात, हुबं पीक खाऊन जात्यात." त्याने माझं हरीण बोटाने बाजूला सारलं. "शेळी दूध देती. लेकीच्या अंगावर कोन घालावं, तुमीच सांगा."

आजूबाजूचे हसले. एक बाई म्हणाली, शेळीची चादर धुतली तरी इटत नाही, ही हरणाची नकली असणार. त्या दिवशी मला कळलं की एवढी वर्षं त्या भागात हरीण छाप चादर कुणी मागितलीच नव्हती. शेळी छाप मागत होते. नरसय्याला ते ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

परतताना एसटीत मी मनात हिशेब करत होतो. थंडी तोंडावर आलेली. वर्षातल्या बहुतेक चादरी त्याच दिवसांत खपत. माल असाच पडून राहिला तर अप्पांचे माग बंद पडतील हे मलाही कळत होतं. आणि तसं झालं तर गावभर एकच बोलतील, दत्तू पेंटरच्या चित्राने कारखाना बुडवला.

अप्पांनी निरोप पाठवला, शेळी परत काढा.

ब्लॉक वितळलेले. मूळ चित्र छापखान्यात कधीच हरवलेलं. हातात होतं फक्त एक जुनं लेबल, काडेपेटीएवढं. घासलेल्या ब्लॉकवरून छापलेलं, त्यामुळे तोंडाच्या जागी नुसता डाग. मी त्यावर चौकोन पाडले, मोठ्या बोर्डवर तेवढेच चौकोन पाडले, आणि चौकोनाला चौकोन जुळवून नक्कल केली. ही आमची साधी पद्धत. पण डागाच्या जागी काय होतं ते चौकोन सांगत नाहीत, तिथे हात सांगतो. माझ्या हातात पुणं शिरलं होतं. पाय बारीक झाले, मान वळली, डोळा पाणीदार झाला. अप्पांनी बघून कपाळाला हात लावला.

"पेंटर, परत हरीणच काढलात की हो."

पुन्हा काढलं. पुन्हा हरीण. जे एकदा चुकून आलं होतं ते आता ठरवूनही येईना. मी ब्रश भिंतीवर फेकून मारला. त्याचा डाग त्या घरात आम्ही होतो तोवर होता.

शेवटी मी खैरूनबींच्या दारात गेलो. जुनी शेळी नव्हती, तिची नात होती. म्हणालो, जरा वेळ बसू द्या तिला माझ्या खोलीत. खैरूनबी मला पुरतं ओळखून होत्या. अख्ख्या पेठेत माझ्याशी सौदा करायला न घाबरणारी ती एकच बाई. म्हणाल्या, "पैले बी मुफत में बिठाए थे तुम. इस बार मेरी बकरी मुफत में नै बैठती."

"काय पाहिजे?"

"चादर. बकरीवाली."

मी कबूल केलं. आयुष्यात घासाघीस न करता केलेला तो माझा एकमेव सौदा. शेळीला टेबलाच्या पायाला बांधलं. तिने दोरीवरची निम्मी लक्ष्मी खाल्ली. पण तिच्याकडे बघत बसलो आणि हातातलं पुणं हळूहळू उतरलं. आखूड मान, जाड गुडघे, हनुवटीखाली दाढीचा झुपका, आणि तो बेफिकीर डोळा. वर शिंगं, अंगावर ठिपके. संध्याकाळी अप्पा आले, दारातूनच चित्र बघितलं आणि हात जोडले. मला नाही, शेळीला.

मी म्हणालो, "एक करा. यावर माझं नाव टाकू नका."

अप्पा म्हणाले, "असं कसं? हरीण छाप चालेल तोवर नाव, असं ठरलंय. नरसय्यासमोर शब्द दिलाय मी."

मी ओरडलो, भांडलो, काम उचलून नेण्याची धमकी दिली. अप्पा हलले नाहीत. थंडीआधी माल बाजारात गेला आणि घडीही न मोडता खपला. मंद्रूपपासून पार श्रीपूरच्या ऊसतोडीवाल्यांपर्यंत माझं नाव शेळीखाली पोचलं. अप्पा गेले, मुलं आली, ब्लॉक जाऊन कॉम्प्युटर आला. शेळी आहे आणि तिच्याखाली मी आहे.

पुण्याचं हरीण अप्पांनी फ्रेम करून ऑफिसात गादीच्या मागे लावलं. आजही तिथेच आहे. येणारा जाणारा विचारतो, हे कुणी काढलं हो? अप्पांच्या मुलांना सांगता येत नाही, कारण चित्रावर सही नाही. मी एकदा ब्रश घेऊन गेलो होतो सही करायला. तेव्हा अप्पा होते. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "नाव लेबलावर ठरलंय पेंटर. चित्रावर नको, तेव्हा तुमीच कबूल झालासा की."

तेव्हापासून या धंद्यात येणाऱ्या नवीन मुलांना मी एवढंच सांगतो. नावासाठी जरूर भांडा. पण ते नाव कशाखाली येणार, हे आधी विचारून घ्या.