अधू नजरेचा कॉम्प्युटर

काकांचं भरतकामाचं यंत्र एका जुनाट कॉम्प्युटरशिवाय कोणाचंच ऐकत नाही. काकांनी हौसेने त्याला भलीमोठी डिस्क बसवली. आधी तिच्यात नक्षीच्या सगळ्या फाइली भरल्या, शेवटी कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम घातली. झालं! कॉम्प्युटर सुरूच होईना, आणि कापड उद्या द्यायचं.

"मेला गं तो!" काका म्हणाले.

"गप रे दादा! जिवंत आहे, नजर अधू आहे त्याची." गल्लीभरचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी आमची आत्या पडद्याशी वाकली. "सुरू होताना त्याला डिस्कचा सुरुवातीचाच भाग दिसतो. तू सिस्टीम नेऊन बसवलीस पार टोकाला!"

तिने सुरुवातीलाच छोटा कप्पा पाडला, सिस्टीम तिथे आणली आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. यंत्र खडखडलं. कापडावर पहिली पाकळी उमटली.

"जिवंत आहे गं!" काका ओरडले.

"मग? माफी माग त्याची."