कॅलेंडरवरची एक ओळ

सुनावणीच्या दिवशी मी सकाळी सहालाच साडी नेसून तयार होते आणि रिक्षावाल्याला दोनदा फोन करून झाला होता. नवीन जालन्यातल्या एका बँकेत मी फोन घेते. लोकांची घाई ऐकणं हे माझं काम, स्वतः घाई करणं नव्हे. पण आज माझी मीच मला आवरत नव्हते. मी लहानपणी जिथं राहिले, त्या अंध मुलींच्या वसतिगृहाची जाहीर चौकशी होती. तिथल्या आताच्या मुलींनी मारहाणीची तक्रार केली होती आणि समितीनं आम्हा जुन्या मुलींनाही बोलावलं होतं. वसतिगृहाच्या बाई अजून त्याच होत्या. आमचं कुणी खरं मानलं नाही, तर उद्या त्या पुन्हा त्याच मुलींमध्ये जाऊन बसणार होत्या.

माझ्या पिशवीत पत्र्याचा डबा होता आणि डब्यात सात पानं. ब्रेलच्या सरावासाठी बाईंनी स्वतःच आम्हाला जुनी कॅलेंडरं दिली होती. त्यावर मी टोचून टोचून लिहायची: आज कुणाला मारलं, कशानं, कशासाठी. बाई पान उचलायच्या, वरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "छान गं, किती सुबक!" त्यांना ब्रेल येत नव्हतं. हे आठवलं की मला अजून हसू फुटतं.

दाराशी कागद घेणारा माणूस म्हणाला, "ताई, हे तर जुनं कॅलेंडर हाय. लिहेल तर काहीच न्हाई यावर."

"डोळ्यानं बघून राह्यले तुम्ही, म्हणून," मी म्हणाले. "बोट लावा."

त्यानं लावलं असावं, कारण पान त्यानं जपून परत माझ्या हातात ठेवलं.

तीर्थपुरीहून माझी मैत्रीण आली होती. वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी होत्या. ती माझा हात धरूनच बसली. माझं नाव पुकारलं, तेव्हा मी पुढं गेले आणि तिच्याबद्दलचं पान सगळ्यात आधी वाचलं. भातात अळ्या आहेत असं ती म्हणाली, म्हणून बाईंनी लोखंडी पट्टीनं तिच्या बोटांच्या शेंड्यांवर मारलं होतं. आम्ही वाचतो ते याच बोटांनी. महिनाभर तिला एक अक्षर लागलं नव्हतं. वाचताना माझा आवाज खणखणीत होता. फक्त एक ओळ मी ओलांडली. बोट तिच्यावरून गेलं आणि तोंड गप्प राहिलं.

बाईंचे वकील उठले. "या काय वाचतायत ते कुणाला ठाऊक? कोरं पान धरूनही एवढं बोलता येतं."

माझं डोकं असं तापलं की डबाच फेकून मारावा वाटलं. पण समितीच्या अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "इथं ब्रेल वाचणारं दुसरं कुणी आहे?"

होतं! अंकुशनगरचे एक अंध गुरुजी आपल्या वेगळ्याच तक्रारीसाठी आले होते आणि बाहेर व्हरांड्यात नंबरची वाट बघत होते. आतलं त्यांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांना आत आणलं, तेच पान हातात दिलं आणि मी मैत्रिणीशेजारी परत येऊन बसले.

"ठिपके दबून गेलेत जरा," गुरुजी म्हणाले, "पण बराबर लागून राह्यले बोटाला."

आणि त्यांनी सुरू केलं. भात. अळ्या. लोखंडी पट्टी. माझेच शब्द, माझ्याच क्रमानं, एका परक्या माणसाच्या तोंडून! मी आनंदानं खुर्चीत उसळले, मैत्रिणीचा हात गच्च दाबला. वाचा गुरुजी, वाचा! आता बोला म्हणावं वकिलांना! मग एकदम लक्षात आलं, की गुरुजी काहीच ओलांडणार नाहीत.

"तिचे हात मी टेबलावर दाबून धरले होते," गुरुजींनी वाचलं. "बाई म्हणाल्या, धरले न्हाई तर तुझे फोडीन."

मागून येऊन आपले हात कुणी धरले, हे मैत्रिणीला कधीच कळलं नव्हतं. तिनं मला कितीदा विचारलं होतं. मी दर वेळी म्हणाले होते, आया असेल.

तिचा हात माझ्या हातातून निघून गेला.

"ही ओळ तुम्ही वाचली नव्हती," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"न्हाई वाचली. लाज वाटली."

वकील खुर्ची ओढून खाली बसले. स्वतःच्या विरोधातली ओळ कोण रचतं? अध्यक्षबाईंनी सातही पानं पुरावा म्हणून घ्यायला सांगितली. मागं बसलेल्या वसतिगृहातल्या आताच्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या, कुणी तरी शिट्टीसुद्धा मारली. इतक्या वर्षांनी आम्ही जिंकलो होतो. शेजारी ती बसली होती आणि मला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

मग तिची साक्ष पुकारली. पुढं जायचं तर वाटेत खुर्च्याच खुर्च्या, आणि तिला ती जागा माहीत नव्हती. मी मात्र एकदा जाऊन आले होते. ती उभी राहिली. मग तिची बोटं माझ्या मनगटाला लागली.

"धर," ती म्हणाली. "पण आवळू नको."