रांगोबांचं मशीन आणि वहिनींचा सल्ला

डबा द्यायला गेलेल्या वहिनी काचेच्या दाराबाहेरच थबकल्या. आत त्यांच्या धाकट्या दिराचं विभागप्रमुखांशी चांगलंच वाजलं होतं.

"माझं काम आधी लाव."

"लावलंय साहेब, रांगेत."

"मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"मला आहे. मशीनला नाही."

हा किस्सा वहिनींनी पुढे कित्येक वर्षं तिखटमीठ लावून घरोघरी सांगितला.

भाऊजी संशोधन संस्थेतला मोठा सर्व्हर सांभाळायचे. लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. भर उन्हाळ्यात स्वेटर चढवून त्या गारढोण खोलीत बसायचे. संस्थेत त्यांना सगळे रांगोबा म्हणत. मशीन एक आणि मागणारे ढीगभर. म्हणून मशीनच्या पोटात एक कारभारी प्रोग्रॅम असतो, असं ते सांगत. कुणाला किती मेमरी, किती वेळ, ते तो ठरवतो. एकाचं काम थोडं चालवायचं, त्याला उठवून दुसऱ्याला बसवायचं, मग पुन्हा पहिल्याला.

वहिनींना हे इतकं पटलं की त्यांनी स्वयंपाकघरात लगेच अंमल सुरू केला. शेगडी एक, पातेली चार. प्रत्येक पातेलं जरा चढवायचं, की उतरवायचं. जेवायच्या वेळी सगळंच कच्चं. भाऊजींनी निमूटपणे कचाकचा बटाटे चावले.

"मशीनचंही असंच होतं, वहिनी. फार अदलाबदल केली की सगळा वेळ उचलण्या-ठेवण्यातच जातो."

चौथीत शाळा सुटलेल्या वहिनींना, आपण मशीनच्या पंगतीला बसलो, याचाच आनंद झाला.

मग वहिनींच्या लेकीच्या प्रबंधाची वेळ आली. नदीच्या पुराचं तिचं गणित त्याच सर्व्हरवर सुटायचं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर हाती आलं नाही तर वर्ष वाया. आणि नेमका शुक्रवारीच भाऊजींचा नोकरीतला शेवटचा दिवस. काम देताना मेमरी किती लागेल ते आधी सांगावं लागे. लेक आकडेमोड करत बसली, तशा वहिनी मध्ये पडल्या.

"मागताना हात आखडू नकोस. तिप्पट सांग. उरलं तर कुणी मारत नाही."

पोरीनं ऐकलं. सोमवार गेला, मंगळवार गेला, काम जागचं हलेना. वहिनी डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, घरचीच पोर आहे. तेवढं पुढे सरकवा."

"नाही सरकवत."

"अंगाखांद्यावर खेळवलंत ना तिला?"

"खेळवलं. पण तिनं मागितलंय किती, ते बघा. एवढी जागा एकदम मोकळी व्हायला निम्मं मशीन रिकामं पडायला हवं. लहान कामं फटीफटीतून निघून जातात. ही बसलीय अख्खं सभागृह अडवायला. कुणी शिकवलं हिला?"

वहिनींनी डब्याचं घट्ट झाकण आणखी घट्ट केलं.

"असेल कुणीतरी शहाणं," त्या म्हणाल्या.

लेकीनं लागेल तेवढीच मेमरी सांगून काम नव्यानं दिलं. ते रांगेच्या शेपटाला लागलं, पण गुरुवारी दुपारी एका फटीत शिरलं.

शुक्रवारी सकाळी मायलेकी काचेच्या दाराशी हजर. भाऊजी रोजच्यासारखे छापील कागदांचे गठ्ठे छातीशी धरून बाहेर आले.

"झालं का हो?"

"झालं."

लेकीनं हात पुढे केला.

"तुझं काम तिसरं संपलं," भाऊजी म्हणाले आणि जिन्याकडे वळले. पहिला गठ्ठा वरच्या मजल्यावर द्यायचा होता, दुसरा मागच्या इमारतीत.

"आजच्या दिवस तरी," वहिनी पुटपुटल्या.

"आई, तू काही सुचवू नकोस," लेक म्हणाली.

दोघी बाकावर बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं भाऊजी गुडघे चोळत परतले. तिसरा गठ्ठा त्यांनी पुतणीच्या हातात ठेवला, पानं नीट लागलीत ना ते तिच्याकडून बघून घेतलं, आणि चौथा काखोटीला मारून चालू लागले.