शेतीला चालेल इतकं पाणी

बारामतीच्या मंडईत जवळच्या जळोची गावची एक बाई मेथी विकायला बसते. जुडी हातात देण्याआधी ती उलटीपालटी करून बघते आणि पिवळं पान दिसलं की खुडून मागं टाकते. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याला थांबावंच लागतं.

परवा मी तिच्याकडं सहीसाठी अर्ज नेला. शहराचं सांडपाणी कऱ्हा नदीत सोडण्याआधी किती शुद्ध करावं याचे नियम कडक करा, अशी आम्हा काही गावकऱ्यांची मागणी होती. मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवू लागलो. ‘नदीचं पाणी निदान शेतीला चालेल इतकं तरी असावं’ या वाक्यावर तिचा हात थांबला.

“शेतीला चालंल म्हंजी? ही मेथी काय शेतच खातं व्हय, सर? तुमच्याच ताटात येती की!”

मी चपापलो. “याहून कडक मागितलं तर साहेब लोक हसतील हो.”

तिनं एक पिवळं पान खुडून माझ्यासमोर धरलं. “हे काढ म्हणून मला कुठला सायब सांगाय आला हुता? नदीत पोरांना अंगूळ करता आली पायजे, असं लिवा. मग करती सही.”

कागदावर आधीच चाळीस सह्या होत्या. त्यातलं कुणीच त्या वाक्यावर अडलं नव्हतं. मीही नाही. तो कागद मी तिच्यासमोरच फाडला.

नव्या अर्जावर पहिली सही तिची आहे. आता कुणी “एवढं कडक कशाला?” म्हणालं, की मी त्याला तिच्याकडं मेथी आणायला पाठवतो.