हुल्दामावशीचे पंधरा दिवस

लॅब्राडोरच्या आमच्या बर्फाळ किनाऱ्यावर बाळंतपण गावात होत नाही. बायकांचा डॉक्टर शहरात, तिथं जायला विमानाशिवाय वाट नाही. म्हणून दिवस भरायच्या महिनाभर आधी बाईला तिकडे धाडतात. तिथल्या वसतिगृहात तिनं एकटीनं भिंती बघत बसायचं. घरच्या पोरांना कोण बघणार, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

यावर हुल्दामावशीनं तोडगा काढला होता. ती सख्खी कुणाचीच नाही, मावशी मात्र अख्ख्या गावाची. दवाखान्यात सव्वीस वर्षं ती झाडू मारते, कागद भरते, आजाऱ्याला स्लेजवर घालून धावपट्टीवर नेते. नर्सा सहा महिन्यांत गाशा गुंडाळतात, मावशी तिथंच. कुणाला दिवस गेले की कागदावर बाळंतपणाची तारीख मावशीच लिहायची, पंधरा दिवस पुढची. तेवढेच पंधरा दिवस बाईला घरी जास्त मिळायचे. गावातल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं, एकाही नर्सला नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत सकाळी दहाला माझी धाकटी बहीण सिबिला पोट धरून माझ्याबरोबर दवाखान्यात आली. चौथी खेप. नर्स फिओना नवी पोर होती. तिनं पोट चाचपलं आणि तिचा चेहराच उतरला.

"मूल आडवं आहे," ती म्हणाली आणि शहरातल्या डॉक्टरला फोन लावला. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"किती आठवडे?"

"पस्तीस."

"मग वेळ आहे. बाळ अजून फिरेल, कळाही खोट्या असतील. विमान एकच आहे. खालच्या गावात एका म्हाताऱ्याची मांडी मोडलीय, ते आधी तिकडे जाईल. तुमच्याकडे उद्या."

खिडकीबाहेर डोंगरावरून बर्फाचा धुरळा उठू लागला होता. उद्या विमान कसलं, तीन दिवस पाखरूही उतरलं नसतं. आडवं मूल बाहेर येत नाही आणि पोट फाडणारा हात आमच्याकडे नाही. सिबिलानं माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली.

खरे आठवडे मला माहीत होते. पण माझ्याही दोन्ही खेपांना मावशीनंच तारीख लिहिली होती. बोललं तर सगळ्यांचेच पंधरा दिवस जाणार. मी गप्प बसले. सख्खी बहीण, आणि गप्प बसले.

मावशीनं हातातला पोछा भिंतीला टेकवला.

"सदतीस," ती म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"झाडूवाली. कागद मी भरलाय, पंधरा दिवस मीच चोरलेत. कळा खऱ्या आहेत. हिची आधीची तिन्ही पोरं दोन-दोन तासांत झालीत. विमान इकडे वळवा."

"काय करून ठेवलंय कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. मागाहून रागवा. आधी विमान."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, "धावपट्टीवर आणा तिला."

स्लेजवर सिबिला ओरडत होती आणि मावशी तिच्यावर ओरडत होती, "जोर करू नकोस, गाढवे! श्वास सोड!" विमान वाऱ्यात हेलकावत कसंबसं टेकलं. शहरात पोचल्या पोचल्या पोट फाडलं. मुलगी झाली. आणखी तासभर गेला असता तर दोघी गेल्या असत्या, असं डॉक्टरांनी फिओनाला सांगितलं. वादळ चार दिवस बसलं. तो म्हातारा तेवढे दिवस विव्हळत पडला, आता लंगडतो.

मावशीची नोकरी वाचली, पण कागद काढून घेतले. आता तारीख नर्स लिहिते आणि बाईला पस्तिसाव्या आठवड्यातच धाडतात. मावशी दारावरून गेली तर कुणी चहालासुद्धा हाक मारत नाही.

परवा बाळंतपणाला निघालेल्या ताबेआला पोचवायला आम्ही धावपट्टीवर गेलो. तिचं दोन वर्षांचं पोर घरी रडून रडून झोपलं होतं.

"तुझ्यामुळे," ती मावशीला म्हणाली. "परत येईन तेव्हा ओळखणारही नाही मला ते. तुझं तोंड बघायचं नाही मला."

मावशीनं तिच्या पायांवरची रजई नीट खोचली. "शिव्या दे हव्या तितक्या," ती म्हणाली. "पण परत येऊन दे."

ताबेआनं तोंड फिरवलं आणि हात माझ्या हातात दिला. त्या दिवशी मी गप्प बसले होते, हे गावात कुणाला माहीत नाही. माझ्याशी सगळ्या बोलतात.