रतनबाईंची लांबलेली प्रार्थना

रतनबाई भालेराव प्रार्थनेला उभ्या राहिल्या की चर्चमधली माणसं आधी मांडी बदलून घ्यायची. लांबणार हे ठरलेलंच. पावसापासून सुरुवात व्हायची. मग ऊसतोडीला गेलेली पोरंबाळं, शाळेचं गळकं छप्पर, कुणाची अडलेली म्हैस, आणि शेवटी तहसीलदाराला सुबुद्धी.

शेवगावजवळच्या त्या मंडळीची रीतच तशी. पाळकसाहेब एकाचं नाव घेतात, तो उभा राहतो, बाई असली तर डोईवरचा पदर सारखा करते, आणि बाकीचे माना खाली घालून ऐकतात. ऐकतात म्हणजे तपासतात. बाहेर चपला घालताना निकाल लागतो. कुणाची छान झाली, कुणाची लांबली, कुणी देवाच्या आडून जावेला टोमणा मारला.

रतनबाईंचे यजमान कल्याण ढोलकी वाजवायचे. तेव्हा सुगीच्या सणाला आजूबाजूच्या वाड्यांवरून बैलगाड्या भरून माणसं यायची. कुणी कोंबडी आणायचं, कुणी बाजरीची कणसं, कुणी शेंगांची पाटी, आणि उपासना झाली की झाडाखाली त्या सगळ्याचा चर्चसाठी लिलाव. एका वर्षी कल्याणनी घरचाच भोपळा चढ्या बोलीनं परत घेतला. बायकोनं पाणी घालून वाढवलेला भोपळा दुसऱ्याच्या चुलीवर कसा जाऊ द्यायचा, म्हणून. रतनबाईंनी त्यावरून त्यांना महिनाभर धारेवर धरलं. आतून सुखावल्या होत्या, ते वेगळं.

हे कल्याण दोन वर्षांपूर्वी आजारी पडले आणि नगरच्या दवाखान्यात गेले. त्या रविवारी रतनबाई भर मंडळीत उभ्या राहून म्हणाल्या, "प्रभू, तू यांना स्वतःच्या पायांवर घरी आणशील. माझा विश्वास आहे." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मंगळवारी ॲम्ब्युलन्स आली, ती सावकाश, भोंगा न वाजवता.

त्यांनी चर्च सोडलं नाही. रुसून घरी बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. पण पाळकसाहेबांनी नाव घेतलं की म्हणायच्या, "दुसऱ्याचं घ्या." लोकांना वाटलं, देवावर राग आहे. राग होताच, पण खरी लाज ऐकणाऱ्यांची वाटायची. एवढ्या खात्रीनं मागितलं आणि मिळालं नाही, आता कुठल्या तोंडानं मागायचं? घरी एकटीनं बसावं, तर ओठांवर पहिलं तेच वाक्य यायचं आणि पुढचं घशातच राहायचं. आयुष्यभर ज्याच्याशी बडबड केली त्याच्याशी अबोला. घर दोनदा रिकामं झाल्यासारखं.

यंदा जानेवारीत मिझोरामहून तरुणांची एक तुकडी सेवेसाठी आली. मुलांच्या वसतिगृहाच्या भिंती रंगवायच्या, रविवारी उपासनेत भाग घ्यायचा, असा बेत. त्यांतली रिनपुई नावाची मुलगी रतनबाईंकडे उतरली. चीनची पाहुणी आली, अशी बातमी गावभर झाली.

"भारतातलीच हाय ती," रतनबाईंनी नळावर ठणकावलं. "भूगोल शिका जरा." त्यांना स्वतःला ते आदल्या दिवशी नात स्नेहलकडून कळलं होतं, पण ते नळावर सांगायचं कारण नव्हतं.

रिनपुईनं बाजरीची भाकरी पापडासारखी कडेकडेनं मोडून खाल्ली आणि हळूच विचारलं, "आज्जी, चावल?" सकाळी भात, रात्री भात. रतनबाईंनी शेवटी पातेलंच तिच्यापुढं सरकवलं.

संध्याकाळी भांडी घासताना पोरगी गुणगुणायला लागली, आणि रतनबाईंचा हात कढईवरच थांबला. शब्द भलतेच, पण चाल तीच, नाताळात कल्याण जिच्यावर ढोलकी धरायचे ती. त्यांनी मराठीतून सूर लावला. मुलगी हसली, थांबली नाही. कढई केव्हाच लख्ख झाली, तरी दोघी ती घासत होत्या.

गाणं संपल्यावर रिनपुईनं ओल्या हातांनीच हात जोडले. "आज्जी, प्रार्थना?"

"तू कर. मेरा बंद है," रतनबाई म्हणाल्या, दुकानाचं सांगावं तसं. मुलीनं कारण विचारलं नाही. हे त्यांना आवडलं.

रविवारी पाहुण्यांच्या म्होरक्यानं हिंदीत सांगितलं, आता आपण सगळे प्रार्थना करू. मंडळी माना खाली घालून नाव घेण्याची वाट बघत बसली. नाव आलंच नाही. पाहुण्यांनी एकदम तोंडं उघडली आणि प्रत्येकजण मोठमोठ्यानं आपलं आपलं बोलायला लागला. कुणी रडत होतं, कुणी हात हलवून जाब विचारत होतं.

शेजारच्या थोरल्या जाऊबाई, लंकाबाई, यांनी कोपर मारलं. "रतन, भांडत्यात का काय गं?"

"प्रार्थना करत्यात."

"समदी एकदम? मग ऐकतंय कोन?"

रतनबाईंनी डोळे उघडून सगळीकडे पाहिलं. खरंच, ऐकतंय कोण? लंकाबाई नाही, पाळकसाहेब नाहीत. रिनपुई शेजारीच होती. तिचे गाल भिजले होते आणि या चर्चमध्ये कुणालाही न कळणाऱ्या भाषेत ती कुणाची तरी तक्रार जिवाभावानं मांडत होती. ज्याला कळायची त्याला कळत असणार.

रतनबाईंनी पदर सारखा केला.

"न्हाई आनलंस तू त्यांना," त्या म्हणाल्या. "समद्यांपुढं मला तोंडघशी पाडलंस. तुला म्हाईत होतं, तर मला कशाला बोलू दिलंस?" पहिलं वाक्य सुटलं, मागचं आपोआप आलं. भोपळा आला, ढोलकी आली, ॲम्ब्युलन्स आली, रात्री कुशीवर वळल्यावर हाताला लागणारी गार उशी आली. मग सवयीनं ऊसतोडीची पोरं आली. शाळेचं छप्परही आलं. ते अजून गळत होतं.

मधेच म्होरक्यानं टेबलावर टकटक केलं आणि पाहुणे एका क्षणात गप्प झाले. रतनबाईंना ही खूण कुठली माहीत असायला? चर्चमध्ये एकच आवाज उरला. "...आनि हिच्या आईबापाला सांभाळ. एवढ्या लांब पोर धाडलीया. हिला घरी पोचव." इथं त्यांना शांतता ऐकू आली.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. घसा खाकरला. "पोचव म्हनते," त्या म्हणाल्या. "मला अजून मागता येतं." आणि तहसीलदाराचं उरकून मगच थांबल्या.

मंडळीनं आमेन म्हटलं, पाहुण्यांनीही.

बाहेर चपला शोधताना लंकाबाईंनी डोळे टिपले, नाक पुसलं आणि निकाल दिला.

"रतन, लई लांबली गं."

"दोन वर्षांची हुती," रतनबाई म्हणाल्या, आणि रिनपुईसाठी भात टाकायला घराकडे निघाल्या.