एकाच कादंबरीवर जगणारे सर

जगातल्या झाडून सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच पुस्तकात आहेत असं मानणारा माणूस एक तर कट्टर धार्मिक असतो, नाहीतर दुबईत अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमधले वरच्या मजल्यावरचे सर. सर शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि त्यांचं पुस्तक म्हणजे गुलामगिरीच्या काळावरची एक जुनी अमेरिकन कादंबरी. पळून निघालेला काळा गुलाम आणि त्याला साथ देणारा गोरा पोरगा, एवढीच गोष्ट. पण सर ती कुठंही लागू करायचे. वॉचमनला कुणी तुसडेपणानं बोललं की लिफ्टचं दार अडवून उभे राहायचे आणि त्या गुलामालाही बायकामुलं होती, हे लेखकानं कसं हळूच दाखवलंय ते समजावायचे. मंडळाच्या हळदीकुंकवात गोरेपणाच्या क्रीमचा विषय निघाला, तर त्यांनी बायकांना असं काही धारेवर धरलं की त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वाण तसंच ठेवून "खलास, पुरे आता" म्हणाल्या आणि सरांना घरी घेऊन गेल्या. आमची मुलगी तर ते जिन्यात दिसले की "अंकल इज कमिंग, रन" म्हणत घरात पळायची. शिवाय दुबईत निम्मा जन्म काढूनही त्यांना गाडीचं लायसन्स मिळालं नव्हतं. टेस्टच्या वेळी ते परीक्षकाला पाट्यांवरच्या इंग्रजीतल्या चुका दाखवत बसत. त्यामुळे त्यांचा ड्रायव्हर मीच.

मंदी आली त्या सुमाराला, दीड तासावरच्या अल ऐनला डॉक्टर असलेल्या त्यांच्या लेकीनं फोन करून सांगितलं की तिनं लग्न ठरवलंय, मुलगा अमेरिकन आहे. सरांनी मजल्यामजल्यावर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी फोटो आला. मुलगा काळा होता. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत इंजिनिअर होता, नोकरी नुकतीच गेली होती, व्हिसा संपायच्या आत मायदेशी परतणार होता आणि लेक त्याच्याबरोबर जाणार होती.

त्या दिवसापासून लिफ्ट विनाअडथळा वरखाली करू लागली. काकूंनी आमच्या हिला सांगितलं की हे घरात नुसतं एवढंच म्हणतात, मुलगा चांगलाच असेल, पण नातेवाइकांना काय सांगू? मग एका संध्याकाळी काकूच त्यांना म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या मुलांना शिकवलंत. आता पेपर आपल्या घरी आलाय." त्या शुक्रवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. हातात रंगीत कागदात गुंडाळलेलं तेच पुस्तक. म्हणाले, "यल्ला, चला, अल ऐनला जायचंय."

मुलगा उंच, शांत. लेकीनं केलेला वरणभात हातानं जेवला. भेट उघडून मांडीवर ठेवली. सरांनी अर्थातच समजावायला सुरुवात केली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग इंग्रजीत सावकाश जे सांगितलं, ते असं: "सर, आमच्या वर्गात काळा मी एकटाच. हे पुस्तक मोठ्यानं वाचायचे. काळ्या माणसाला देतात ती शिवी त्यात पानोपानी आहे. दर वेळी सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. पुस्तक गुलामगिरीवरच आसूड ओढतंय, हे मला फार उशिरा कळलं."

सरांनी पुस्तक परत हातात घेऊन चाळलं. मग त्यांनी विचारलं, "मग मी कसं शिकवू?" तो हसला, खुर्ची जवळ ओढली, आणि दोघं पुस्तकावर असे वाकले की चहा दोनदा निवला.

परतीच्या वाटेवर वाळवंट सरत आलं तेव्हा सर म्हणाले, "इतकी वर्षं मी ती गोष्ट त्या गोऱ्या पोराच्या शेजारी बसून वाचली हो. दुसऱ्याच्या शेजारी बसलोच नाही."

लग्न झालं. विमानतळावर जावई शिकवल्याप्रमाणे पाया पडायला वाकला. सरांनी त्याला मध्येच धरलं आणि सोडेचनात. शेवटी काकूच म्हणाल्या की मुलांचं विमान सुटेल. त्यानंतर सरांच्या वर्गात ती शिवी कुणी मोठ्यानं वाचली नाही, आणि धडा मात्र पूर्वीपेक्षा जास्त दिवस चालू लागला.

सर आता पुण्याला असतात. जावई त्यांना काळ्या लेखकांची पुस्तकं पाठवतो. परवा फोन केला तर म्हणाले, "अहो, या वयात पुन्हा पहिलीत बसलोय." आवाज थकलेला होता. पुस्तकाबद्दल ते बोलत राहिले, आणि ते थांबू नयेत म्हणून मी अधूनमधून नुसतं "मग?" म्हणत राहिलो.